चौरस फुटाच्या भावातलं चित्र

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका स्वतंत्र चित्रकाराचं आहे. ओळख पटू नये म्हणून हॉटेलचा ठावठिकाणा, खोल्यांची संख्या आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. आकड्यांचं आपसातलं प्रमाण मात्र तसंच ठेवलंय. मी फ्रेमिंगच्या धंद्यात आहे. चित्रकाराने रंगवलेला कॅनव्हास आणि कंटेनरमधून गुंडाळी होऊन आलेला कॅनव्हास, दोन्ही माझ्याच टेबलावर ताणले जातात. या व्यवहारातल्या फ्रेमाही माझ्याकडेच झाल्या. माझा त्यात स्वार्थ होता हे धरूनच पुढचं वाचावं.

पार्श्वभूमी

चित्रकार पन्नाशीचे. वडील साइनबोर्ड रंगवायचे: दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्सची मशिनं गावात आली तेव्हा वडिलांनी दर निम्म्यावर आणला, मग त्याच्याही खाली. तरी काम गेलंच. फ्लेक्सवाल्याला अक्षर वळणदार काढावं लागत नव्हतं आणि गिऱ्हाइकाला पाटी संध्याकाळी हवी होती. मुलगा तोवर चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडला होता. घरातलं एक दुकान दर पाडून पाडून कसं बंद झालं, हे त्याने जवळून पाहिलं होतं. पुढच्या निर्णयात या आठवणीचा मोठा वाटा आहे.

कोल्हापुरात निसर्गचित्रणाची परंपरा आहे. आबालाल रहिमानांनी रंगवलेलं कोटितीर्थ तळं इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवलं जातं. आमचे चित्रकारही त्याच वळणाचे. पंचगंगेचा घाट, रंकाळा, पन्हाळ्याची तटबंदी, जोतिबाच्या डोंगरावरचा गुलाल. जलरंगात हात फार चांगला, तैलरंगात आणि ॲक्रिलिकमध्येही चांगला.

पोट तीन गोष्टींवर चालायचं. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात अधूनमधून प्रदर्शन, त्यातून थोडी विक्री. रविवारी मुलांचे एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे वर्ग. आणि निम्म्याहून जास्त उत्पन्न कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या इंटिरियर डिझायनरांकडून येणाऱ्या कामांचं.

या तिसऱ्या कामाचा एक रिवाज पडून गेला होता. डिझायनरच्या अंदाजपत्रकात टाइल्स, पीओपी, लॅमिनेट, वॉलपेपर सगळं चौरस फुटाने लिहिलेलं असतं. चित्रासाठी वेगळा रकाना कोण करणार? त्यामुळे सरांनीही (चित्रकारांना आम्ही सरच म्हणतो) चौरस फुटाला १,५०० रुपये असा भाव ठरवला होता. त्यातले वीस टक्के डिझायनरचे. सोयीचं होतं, दर वेळी घासाघीस नको. काही वर्षं हे बिनबोभाट चाललं.

अडचण

२०२२ मध्ये एका नव्या हॉटेलचं काम आलं. ४२ खोल्या, प्रत्येक खोलीत दोन बाय तीन फुटांचं एक चित्र. लॉबीत दहा बाय चार फुटांचं एक मोठं. रेस्टॉरंटमध्ये तीन बाय चारची तीन. सगळं मिळून ३२८ चौरस फूट. सरांनी नेहमीच्या भावाने ४,९२,००० रुपयांचं कोटेशन पाठवलं.

डिझायनर मॅडमचं उत्तर एका पीडीएफच्या रूपात आलं. मुंबईतल्या एका आयातदाराचा कॅटलॉग. दोन बाय तीनचा ‘हँडपेंटेड’ कॅनव्हास गुंडाळीत १,४०० रुपयांना, ताणून फ्रेमसकट २,३०० ला. सरांच्या भावाने तेवढ्याच मापाचं चित्र ९,००० ला पडत होतं, आणि त्यात फ्रेम नव्हती. लॉबी-रेस्टॉरंट धरून आयातदाराचा सगळा आकडा १,४०,००० च्या आसपास. हॉटेलचं चित्रांसाठीचं बजेट दोन लाख.

“सर, रेट मॅच करता येईल का बघा. माझ्या क्लायंटला भिंती भरायच्यात, म्युझियम उभारायचं नाहीये,” असं त्या फोनवर म्हणाल्या. वाईट हेतूने नाही. त्यांना खरंच काम सरांनाच द्यायचं होतं.

खरा धक्का दोन दिवसांनी बसला. सरांनी क्लायंटला दाखवायला म्हणून रंकाळ्याच्या एका चित्राचा मोठ्या रेझोल्यूशनचा फोटो पाठवला होता. आयातदाराचं म्हणणं, फोटो द्या, हेच चित्र तिकडून करून मागवतो, पाच-सहा आठवडे लागतील. मॅडमनी हेही मोकळेपणाने सांगितलं. बहुधा यात वावगं काय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

हा माल असतो तरी काय

इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण चित्रकार मंडळी या मालाबद्दल रागाने बोलतात पण तो नीट बघत नाहीत.

जगभरातल्या हॉटेलांत आणि दिवाणखान्यांत टांगल्या जाणाऱ्या स्वस्त तैलचित्रांचा एक मोठा उगम म्हणजे चीनमधल्या शेन्झेन शहरातलं दाफेन. १९८९ मध्ये हाँगकाँगचा एक व्यापारी स्वस्त भाड्याच्या शोधात काही चित्रकारांना घेऊन या गावात आला आणि पाश्चिमात्य दुकानांच्या ऑर्डरी तिथे पुऱ्या करू लागला. पुढे त्या गल्ल्यांत हजारो चित्रकार कामाला लागले. मोठ्या ऑर्डरीत एक जण आकाश रंगवतो, दुसरा झाडं, तिसरा माणसं, मजुरी नगावर. व्हॅन गॉगची सूर्यफुलं रंगवून रंगवून हात इतका बसतो की मूळ चित्र समोर ठेवायची गरज उरत नाही. २००८ च्या मंदीत परदेशी ऑर्डरी आटल्या तेव्हा तेही अडचणीत आले. आता त्यांच्यातलेही काही जण स्वतःची मूळ चित्रं विकायच्या खटपटीत आहेत. म्हणजे आमच्या सरांचा आणि त्या चित्रकारांचा प्रश्न एकाच जातीचा.

माझ्या टेबलावर येणाऱ्या मालात मात्र खरोखर हाताने रंगवलेलं सगळंच नसतं. कॅनव्हासवर छपाई करून वरून पारदर्शक जेलचे फराटे ओढलेले असतात. भिंगातून पाहिलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात. दुसरी खूण म्हणजे जेलचा फराटा चित्रातल्या आकाराच्या बाजूने जात नाही, घोड्याच्या मानेवरून सरळ आडवा निघून जातो. आणि विषय? पावसातला पॅरिसचा रस्ता, व्हेनिसची होडी, बुद्धाचा चेहरा, आणि वास्तुशास्त्राच्या कृपेने सात धावते पांढरे घोडे. या घोड्यांना फ्रेम करून करून मी कंटाळलोय, पण खपतात खरे.

स्वस्त चित्राच्या आयातीने कुणाचं पोट मारलं जाणं आपल्याकडे नवं नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून छापून येणाऱ्या रंगीत तसबिरींनी इथला बाजार भरला होता. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, तो याच बाजारात. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दर उतरवण्याचा. सरांच्या पत्नी एका पतसंस्थेत आहेत, हिशेब त्यांनी मांडला. दोन बाय तीनच्या एका चित्राला कॅनव्हास, स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट), रंग, वार्निश मिळून १,३०० रुपये लागतात आणि तीन दिवस जातात. चौरस फुटाला ४०० रुपये लावले तर २,४०० मिळणार, त्यातून डिझायनरचे ४८०, सामानाचे १,३०० वजा. उरले ६२०, तीन दिवसांचे. आणि एवढं करूनही आयातदारापेक्षा महागच. “अहो, यापेक्षा रोजंदारीवर घरं रंगवलीत तर चौपट मिळतील,” असं त्या म्हणाल्याचं सर स्वतःच हसत सांगतात. विद्यार्थ्यांना हाताशी धरून आकडा थोडा सुधारला असता, पण मग ते दाफेनच झालं, फक्त महागडं.

दुसरा पर्याय काम सोडून देण्याचा. अभिमान राहिला असता. पण त्या वर्षी हातात दुसरं मोठं काम नव्हतं.

तिसरा पर्याय बाहेरून चालून आला. एका विक्रेत्याने सुचवलं की सही नसलेले कॅनव्हास घ्या, वरून चार फटकारे मारा, सही करा. १,४०० चा माल सहज सहा हजारांना जाईल. हे हसण्यावारी नेऊ नका, अशा सह्या केलेली चित्रं माझ्याकडे फ्रेमला आलेली आहेत. सरांनी नकार दिला. नीतीचा भाग होताच, पण एक रोकडं कारणही होतं. तोच घोडा सांगलीच्या एका घरात तुमच्या सहीचा आणि पुण्याच्या दुसऱ्या घरात बिनसहीचा दिसला, की आधी विकलेल्या सगळ्या चित्रांवर संशय येतो.

चौथा पर्याय कायद्याचा. पॅरिसच्या रस्त्यावर किंवा सात घोड्यांवर सरांचा हक्क नाही. त्या आयातीविरुद्ध त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. रंकाळ्याच्या चित्राची गोष्ट वेगळी. चित्र काढलं त्या क्षणी कॉपीराइट तयार होतो, त्याला नोंदणीची अट नाही. मॅडमना एक सौम्य पण लेखी निरोप गेला की हे चित्र कुणाकडूनही नक्कल करून घ्यायला माझी परवानगी नाही. त्यांनी लगेच माफी मागितली. त्या हॉटेलपुरता विषय तिथे मिटला.

पाचवा पर्याय मी सुचवला आणि सरांना तो सुरुवातीला मुळीच आवडला नाही: लॉबी आणि रेस्टॉरंटसाठी मूळ चित्रं, खोल्यांसाठी त्यांच्याच जलरंगांच्या चांगल्या छपाईच्या प्रती. “म्हणजे मीच माझा फ्लेक्स काढू?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. “रविवर्म्यांचं काय झालं ठाऊक आहे ना? घराघरांत पोचले, पण छापखान्याने कर्जात बुडवलं, शेवटी जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.”

बरोबर होतं. पण रविवर्म्यांनी यंत्रं, जागा, माणसं असा सगळा पसारा अंगावर घेतला होता. इथे यंत्र घ्यायचंच नव्हतं. पुण्यात चांगल्या कागदावर टिकाऊ शाईने छापून देणारे आहेत, ४२ हव्या तर ४२ छापतात. माल पडून राहण्याचा धोका नाही.

निर्णय कसा झाला

निर्णय फिरवला तो पुन्हा पतसंस्थेच्या हिशेबाने. वहिनींनी एकूण रकमा बाजूला ठेवल्या आणि महिन्याला काय पडतं ते काढलं.

समजा ४,९२,००० चं मूळ कोटेशन जसंच्या तसं मंजूर झालं असतं. डिझायनरचे ९८,४०० आणि सामानाचे सुमारे ७१,००० वजा जाता ३,२२,००० च्या आसपास उरले असते. पण ४२ खोल्यांच्या चित्रांनाच १२६ दिवस, लॉबी-रेस्टॉरंट धरून सात महिने. म्हणजे महिन्याला साधारण ४६,०००. नव्या मांडणीत रक्कम निम्म्याहून कमी दिसत होती, पण काम अडीच महिन्यांचं, आणि महिन्याला ५४,००० पडत होते. एरवी ‘मोठं काम गेलं’ म्हणून हळहळण्यातच हा फरक कुणाच्या ध्यानात आला नसता.

अर्थात या हिशेबात एक गोम आहे. उरलेले साडेचार महिने दुसऱ्या कामाने भरले तरच तो खरा. वहिनींनी हेही कागदावर लिहून ठेवलं होतं.

मालकांसमोर

सरांनी मॅडमना वगळून मालकांकडे परस्पर जायचं टाळलं. त्यांनाच म्हणाले, मला सोबत न्या. माझ्या मते हे शहाणपणाचं होतं. डिझायनरला डावलणाऱ्या माणसाची बातमी या धंद्यात फार लवकर पसरते.

बैठकीत सरांनी माझ्याकडचा एक आयात कॅनव्हास आणि स्वतःचं एक तैलचित्र शेजारी शेजारी ठेवलं. हाताचं काम आणि यंत्राचं काम यातला फरक डोळ्यांनीच कळेल, अशी त्यांची खात्री. मालकांनी दोन्ही निरखून पाहिली आणि आयात कॅनव्हासकडे बोट दाखवून म्हणाले, “हे जरा जास्त चमकतंय, नाही का? चांगलं वाटतंय.”

हा प्रसंग मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. ब्रशचा फटकारा, रंगाचा थर, छटांचं मिश्रण हे ओळखायला नजर तयार लागते, आणि ती तयार करायची जबाबदारी गिऱ्हाइकाची नाही. दर्जाची तुलना मांडून विक्री होईल ही अपेक्षाच चुकीच्या ठिकाणी ठेवलेली होती.

काम झालं ते दुसऱ्याच कारणाने. सरांनी जलरंगांचं पाकीट उघडलं. अर्ध्या इम्पीरियल मापाच्या कागदावरचे घाट, भवानी मंडपाची कमान, मसाई पठार, पावसातला रंकाळा. मालक एकेक उचलून ‘हे कुठनं काढलंसा?’ विचारायला लागले. मग त्यांनीच मॅडमना विचारलं, की पुण्या-मुंबईचा माणूस कोल्हापूर बघायला येणार, तर त्याच्या खोलीत व्हेनिस लावून आपण त्याला काय सांगणार? मॅडमनी तिथल्या तिथे मान्य केलं. रिसेप्शनवरच्या मुलाला ‘हा घाट इथून दहा मिनिटांवर आहे’ असं म्हणता येणं, हा हॉटेलचा फायदा होता. चमक त्यापुढे मागे पडली.

ठरलं ते असं. लॉबीचं चित्र ८०,०००, आणि ही रक्कम सरांनी चौरस फूट न मोजता सांगितली. जुन्या भावाने ते ६०,००० ला गेलं असतं, आणि त्या भिंतीला हॉटेलच्या लेखी काय महत्त्व होतं ते बघता ८०,००० वर कुणी हूं की चूं केलं नाही. रेस्टॉरंटची चित्रं प्रत्येकी २०,०००. खोल्यांसाठी सात जलरंगांच्या प्रत्येकी सहा प्रती, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) आणि फ्रेमसकट नगाला २,२०० रुपये, म्हणजे आयातदाराच्या फ्रेम केलेल्या कॅनव्हासपेक्षा शंभर रुपयांनी कमीच. प्रती आकाराने लहान होत्या, पण रुंद माउंटमुळे भिंतीवर भरतात. एकूण २,३२,४०० झाले. मालकांनी रेस्टॉरंटमधलं एक चित्र वगळून २,१२,४०० वर आणलं. डिझायनरला फक्त मूळ चित्रांवर दहा टक्के, यावर मॅडम नाराज होत्या पण तयार झाल्या. छपाई-फ्रेमचे ५०,४००, सामानाचे १४,००० आणि मॅडमचे १२,००० जाऊन सरांच्या हातात १,३६,००० राहायचे होते.

करारातली एक ओळ

सरांना तोंडी व्यवहाराची सवय. एका ओळखीच्या वकिलाने मात्र एक पानभर करार करायलाच लावला, आणि त्याचं कारण फार थोड्या चित्रकारांना माहीत असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे लॉबीचं चित्र मागाहून हॉटेलने मेन्यूकार्डावर, डायरीवर, दुसऱ्या शाखेच्या भिंतीवर छापलं असतं तरी सरांना पैसे मागता आले नसते. चित्रकार म्हणून नाव लावण्याचा हक्क कलम ५७ मुळे राहतो, पण त्याने विजेचं बिल भरलं जात नाही.

करारात चार गोष्टी आल्या. कॉपीराइट चित्रकाराकडे. प्रती फक्त या हॉटेलच्या ४२ खोल्यांसाठी. छपाईची फाइल हॉटेलला किंवा डिझायनरला दिली जाणार नाही, जादा प्रती लागल्या तर सरांकडूनच घ्यायच्या. आणि प्रत्येक चित्राखाली ठिकाणाचं व चित्रकाराचं नाव असलेली छोटी पट्टी. हॉटेलच्या अकाउंटंटने जीएसटीचं बिल मागितलं होतं. मालाच्या विक्रीला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि सर त्याच्या आसपासही नाहीत, त्यामुळे साधं बिल चाललं. तेव्हा हाताने काढलेल्या चित्रांवर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. नोंदणीकृत चित्रकारांनी जुनी कोटेशनं पुन्हा तपासायला हवीत.

पुढे काय झालं

हॉटेल सुरू झालं, चित्रं लागली. सात-आठ महिन्यांनी दोन खोल्यांतल्या प्रती ओल येऊन खराब झाल्या. मॅनेजर चित्र स्कॅन करून गावातच छापून घेणार होता, करारामुळे फोन सरांकडे आला आणि कॉरिडॉरसाठी मिळून आणखी सहा प्रती गेल्या. खालच्या पट्ट्यांवरचं नाव वाचून काही पाहुण्यांनी थेट संपर्क केला. त्यातून दोन मूळ जलरंग आणि एक तैलचित्र डिझायनरविना विकलं गेलं. रक्कम फार मोठी नव्हती.

उरलेले साडेचार महिने मात्र हिशेबाप्रमाणे भरले नाहीत. एक शाळेचं भित्तिचित्र मिळालं, मोठ्यांसाठी शनिवारचा जलरंग वर्ग सुरू झाला, बाकी काळ रिकामा गेला. त्या वर्षीचं एकूण उत्पन्न आधीच्या वर्षापेक्षा कमीच होतं. दुसऱ्या वर्षी ते पूर्वीच्या पातळीवर आलं, पण त्याची घडण बदलली होती: डिझायनरांकडून येणारा वाटा निम्म्याखाली गेला, वर्ग आणि थेट विक्री वाढली. हे यश म्हणायचं का? मी म्हणेन तग धरला.

मॅडमकडून त्यानंतर काम आलं नाही. त्यांच्या पुढच्या दोन प्रकल्पांत आयात कॅनव्हास लागले. ते मला माहीत आहे, कारण फ्रेमा माझ्याकडेच झाल्या.

आणि रंकाळ्याचं ते चित्र. दीडेक वर्षाने पुण्यातल्या एका फ्लॅटच्या फोटोत ते सरांना दिसलं, मोठ्या आकारात, तैलरंगात, बिनसहीचं. रेझोल्यूशन मोठं असलेला तो फोटो कुठून कसा फिरला, हे सिद्ध करणं शक्य नव्हतं. कलम ६२ मुळे चित्रकाराला स्वतःच्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. पण नक्कल करणारा कारखाना परदेशात, आयातदार कोण ते ठाऊक नाही, फ्लॅटमालकाने बाजारातून विकत घेतलेलं. वकिलानेच सांगितलं, खर्च नुकसानीपेक्षा जास्त होईल. सरांनी सोडून दिलं.

काय वेगळं करता आलं असतं

मोठा फोटो पाठवायलाच नको होता. क्लायंटला दाखवायला हजार पिक्सेल रुंदीचा, आडवं नाव टाकलेला फोटो पुरतो. ज्यावर पोट अवलंबून आहे अशा निवडक चित्रांची कॉपीराइट नोंदणी करून ठेवता आली असती. कलाकृतीमागे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. नोंदणीने चोरी थांबत नाही, पण ‘हे चित्र अमुक तारखेआधी माझं होतं’ हे दाखवायला कागद राहतो. सर अजूनही ते करत नाहीत. आळस, दुसरं काय.

पैशांची शेवटची तीस टक्के रक्कम हॉटेलने आठ महिने लांबवली. सरांची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असती तर सूक्ष्म उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याची कायदेशीर अट त्यांच्या बाजूने उभी राहिली असती. ही नोंदणी ऑनलाइन होते आणि मोफत आहे. छपाई आणि फ्रेमचा खर्च तरी आगाऊ घ्यायलाच हवा होता. प्रत्यक्षात काही आठवडे तो खर्च माझ्या उधारीवर चालला, आणि प्रत्येक फ्रेमवाला थांबेलच असं नाही.

प्रतींबाबत एक घोळ अजून मिटलेला नाही. हॉटेलसाठी छापलेल्या सातपैकी तीन चित्रांचे मूळ कागद नंतर विकले गेले. घेणाऱ्यांना तोंडी सांगितलं होतं की याच्या काही प्रती हॉटेलात आहेत. किती, आणि पुढे आणखी निघणार का, हे कुणी विचारलं नाही आणि सरांनीही लिहून दिलं नाही. मला वाटतं हे लिहून द्यायला हवं. सरांना वाटतं, पाहुण्यांनी आठवण म्हणून प्रत मागितली तर का नाही म्हणायचं? यावर आमचं एकमत झालेलं नाही.

डिझायनरांच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. दहा टक्क्यांवरून मॅडमची नाराजी दिसत असतानाही सरांनी त्यांच्यासाठी दुसरं काही पुढे ठेवलं नाही. छापील प्रतींची ठरावीक दराची यादी, त्यात त्यांचा वाटा धरून, त्याच आठवड्यात त्यांच्या ऑफिसात पोचती केली असती, तर पुढच्या दोन प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात आयातदाराच्या पीडीएफशेजारी सरांचाही कागद राहिला असता. ती यादी शेवटी गेल्या दिवाळीनंतर तयार झाली. सांगलीच्या दोन डिझायनरांनी नमुने मागवलेत. मॅडमना ती अजून पाठवलेली नाही.